पाऊणकीपासून पदवीपर्यंत

वसईच्या किल्ल्याच्या तटाला लागून, खाडी जेथें समुद्रास मिळते तेथें, पाचूबंदर ही कोळ्यांची जुनी वस्ती आहे. अशा वस्तीचा दिवस सूर्याच्या घड्याळापेक्षां पाण्याच्या घड्याळानेंच अधिक चालतो. खाडीच्या तोंडाशीं लावलेली डोल भरते ती प्रवाहाच्या जोरानें, आणि होडी किनाऱ्याला लागते तीहि पुरेसें पाणी असेल तेव्हांच. म्हणून पाणी केव्हां चढेल व केव्हां उतरेल हें आधीं ठाऊक असणें, हा येथें पोटापाण्याचा प्रश्न आहे. त्याचें उत्तर काढण्याची एक रीत कोंकणच्या किनाऱ्यावर पिढ्यान् पिढ्या चालत आलेली आहे. तिथीचा आंकडा घ्यावा, त्याची पाऊणपट करावी, आणि येईल तितक्या वाजतां पूर्ण भरती समजावी. चतुर्थीस तीन वाजतां, अष्टमीस सहा वाजतां, द्वादशीस नऊ वाजतां. ह्याला कागद लागत नाहीं कीं पेन्सिल लागत नाहीं.

आजच्या भाषणाचा विषय महाविद्यालयांत गणित हा मुख्य विषय घेऊन पदवीचा अभ्यास करणें, हा आहे. त्याचा आरंभ कोळ्याच्या पाऊणकीपासून करण्याचें कारण असें कीं, पदवीचें गणित म्हणजे काय ह्याविषयीं लोकांत फार मोठा गैरसमज आहे, आणि तो दूर करण्यास ह्या पाऊणकीइतकें सोयीचें उदाहरण दुसरें मिळणें कठीण.

गैरसमज असा. मुलगा हिशेबांत चलाख असला, बाजारांत माशांच्या वाट्यांची किंमत तोंडानें सांगूं लागला, बारावीला गणितांत नव्वदांच्या वर गुण मिळाले, कीं घरचीं माणसें म्हणतात, ह्याला गणित घेऊं द्या, हा आंकडे झपाझप मोडतो. उलट एखादी मुलगी आंकडेमोडींत सावकाश असली, परंतु प्रत्येक रीतीपुढें 'हें असेंच कां?' म्हणून अडून बसली, तर तिला गणित जमत नाहीं असा शेरा मिळतो. पदवीच्या गणिताच्या दृष्टीनें पाहतां ह्या दोघांपैकीं पुष्कळदां ती मुलगीच अधिक लायक असते. आंकडे झपाझप मोडण्याचें काम आतां खिशांतला फोन करतो. त्याकरितां आयुष्याचीं तीन वर्षें खर्चीं घालण्याचें कारण नाहीं.

तेव्हां त्या मुलीचाच प्रश्न पाऊणकीला विचारावा. पाऊणपटच कां? निमपट कां नव्हे, सवाईपट कां नव्हे? मुंबई-वसईच्या किनाऱ्यावर अमावास्येची भरती दुपारीं व मध्यरात्रीं बाराच्या सुमारास येते. पौर्णिमेचीहि तशीच बाराच्या सुमारास येते. मधल्या पंधरा तिथींत भरतीची वेळ रोज थोडी थोडी पुढें सरकत बारा तासांचा एक फेरा पुरा करते. बारा तास म्हणजे ७२० मिनिटें. तीं पंधरा तिथींत वांटलीं तर एका तिथीच्या वाट्यास ४८ मिनिटें येतात. पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटें. म्हणजे सरासरीच्या हिशेबानें खरा गुणक पाऊण नव्हे, चार पंचमांश आहे.

मग वाडवडिलांनीं चार पंचमांश कां घेतले नाहींत? जुन्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी मुलांकडून घोकून घेत; चार पंचमांशाचा पाढा कोणी घोकला नव्हता. तोंडावर असलेल्या पाढ्यांपैकीं जो सर्वांत जवळचा, तो लोकांनीं उचलला असावा, हें उघड दिसतें. आतां ह्या सोयीची किंमत मोजूं. दर तिथीस तीन मिनिटें चुकतात. अष्टमीला २४ मिनिटें, पौर्णिमेला ४५. पाऊणकीप्रमाणें पौर्णिमेची भरती सव्वाअकराला यावयास हवी, ती येते बाराच्या सुमारास. पाऊणकीची चूक अखेरीस पाऊण तासाचीच निघावी, ही एक गंमतच म्हणावयाची. परंतु गंमतीहून महत्त्वाची गोष्ट पुढेंच आहे. ही चूक सांचत नाहीं. पौर्णिमेनंतर प्रतिपदेपासून मोजणी पुन: नव्यानें सुरू होते आणि जुनी चूक धुवून निघते. महिन्याच्या तीसहि तिथी सलग मोजण्याची चाल असती, तर महिनाअखेर दीड तासाचें अंतर पडून कितीएक होड्या चिखलांत रुतल्या असत्या. रीत चुकीची असूनहि ती चालते कां, आणि कोठपर्यंत चालते, हें सांगतां येणें ह्याचेंच नांव पदवीचें गणित.

एवढ्यानेंहि प्रश्न संपत नाहीं. ४८ मिनिटें ही सरासरी झाली. समुद्राला चंद्र ओढतो तसा सूर्यहि ओढतो. अमावास्येला व पौर्णिमेला दोघांची ओढ एका रेषेंत येऊन उधाण होतें. अष्टमीच्या सुमारास ती एकमेकींस आडवी पडून भांगाची भरती येते. त्यामुळें उधाणाच्या दिवसांत रोजचा विलंब सरासरीपेक्षां कमी असतो व भांगाच्या दिवसांत तो वाढतो. म्हणजे उधाणाच्या दिवसांपुरता, जेव्हां खाडींत पाण्याचा जोर सर्वांत अधिक असतो तेव्हां, चार पंचमांशापेक्षां पाऊणच वस्तुस्थितीला अधिक जवळचा ठरतो. ज्या पाऊणकीची चूक आतांच काढली, तिची अशी बाजू घ्यावी लागते. न्यूटननें १६८७ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत ह्या ओढीचें मूळ सांगितलें. लाप्लासनें समुद्राच्या पाण्याच्या गतीचीं समीकरणें मांडलीं. केल्व्हिननें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत असें दाखविलें कीं, कोणत्याहि बंदराची भरती-ओहोटी ही निरनिराळ्या गतीच्या पुष्कळ लहानमोठ्या नियमित लाटांची बेरीज म्हणून मांडतां येते. हिंदुस्थानांतील बंदरांकरितां अशी बेरीज करणारें चाकांचें यंत्र १८७९ सालीं इंग्लंडांत तयार झालें. आज तेंच काम संगणक करतो. ह्या बेरजेमागचें गणित, म्हणजे त्रिकोणमिति, अवकल समीकरणें आणि फूरिये ह्या फ्रेंच गणितज्ञाच्या नांवानें प्रसिद्ध असलेली श्रेणी, हें पदवीचा विद्यार्थी शिकतो. पाचूबंदरच्या मुलाला तें परकें वाटण्याचें कारण नाहीं. त्याच्या घरासमोर तें दिवसांतून दोनदां चढतें आणि दोनदां उतरतें.

तरीहि पहिल्या वर्षाचा विद्यार्थी गडबडतो, हें खरें आहे. बारावीपर्यंतच्या प्रश्नपत्रिकेंत 'काढा', 'सोडवा', 'किंमत सांगा' अशीं क्रियापदें असतात. महाविद्यालयांत एकाएकीं 'सिद्ध करा' हें क्रियापद येतें, आणि उत्तर बरोबर असून गुण कां मिळाले नाहींत, हें त्याला उमगत नाहीं. एक उदाहरण घ्यावें. एक, अधिक एक द्वितीयांश, अधिक एक तृतीयांश, अधिक एक चतुर्थांश, अशी बेरीज करीत जावें. मिळविलेला प्रत्येक तुकडा आधींच्या तुकड्याहून लहान. संगणकावर दहा लक्ष तुकडे मिळविले तरी बेरीज साडेचौदाच्या आंतच राहते. पाहणारा कोणीहि म्हणेल कीं ही बेरीज कोठेंतरी थांबणार. ती थांबत नाहीं! तिसरा व चवथा तुकडा मिळून अर्ध्याहून अधिक होतात. पुढचे चार मिळून पुन: अर्ध्याहून अधिक. त्यापुढचे आठ मिळून पुन: अर्ध्याहून अधिक. अशा अर्ध्या-अर्ध्याच्या पावलांनीं बेरीज शंभराच्या, हजाराच्या, वाटेल त्या संख्येच्या पलीकडे जाते. फ्रान्समधील ओरेम नांवाच्या विद्वानानें हा युक्तिवाद चौदाव्या शतकांत केला. डोळ्यांना दिसतें तें आणि सिद्ध होतें तें, ह्यांतील अंतर एवढ्यांत कळतें. आणि जुन्या मराठींत ज्यास शून्यलब्धि म्हणत, त्या कॅल्क्युलसचा पाया पहिल्या वर्षीं पुन: खणावयाचा तो ह्याच अंतरासाठीं.

दुसरी अडचण भाषेची आहे, आणि ती इंग्रजीची जितकी समजली जाते तितकी इंग्रजीची नाहीं. मराठी शाळेंतून आलेला विद्यार्थी इंग्रजी शब्द पहिल्या सहा महिन्यांत शिकतो. खरी अडचण वाक्याच्या घडणींत असते. 'प्रत्येक होडीला एक तांडेल आहे' आणि 'एक तांडेल असा आहे कीं जो प्रत्येक होडीचा तांडेल आहे', हीं दोन वाक्यें ऐकण्यास जवळजवळ सारखीं आहेत. पहिलें साध्या व्यवहाराचें वाक्य आहे. दुसऱ्याप्रमाणें साऱ्या बंदराला एकच तांडेल ठरतो. 'प्रत्येक' आणि 'एक' ह्या शब्दांची अदलाबदल झाली कीं अर्थ असा पालटतो. सीमा, संततता, एकरूप संततता ह्या ज्या व्याख्यांपुढें विद्यार्थी हात टेकतात, त्या सर्वांचें मर्म ह्या अदलाबदलींत आहे. ज्याला तांडेलाचीं हीं दोन वाक्यें वेगळीं ऐकूं येतात, त्याला त्या व्याख्याहि समजतील. त्यानें त्या घरीं मराठींत मोठ्यानें म्हणून पाहाव्या, आणि मग इंग्रजींत लिहाव्या.

महाराष्ट्रांत ह्या विद्येची परंपरा जुनी आहे. मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें; त्यापूर्वींच केरो लक्ष्मण छत्रे, ज्यांना लोक केरूनाना म्हणत, ते कुलाब्याच्या वेधशाळेंत काम करून स्वत:च्या बळावर गणित व ज्योतिष शिकले होते. पुढें ते पुण्यास गणिताचे अध्यापक झाले, आणि डेक्कन कॉलेजांत बाळ गंगाधर टिळक त्यांचे विद्यार्थी होते. टिळकांनीं गणित घेऊनच बी.ए.ची परीक्षा पहिल्या वर्गांत उत्तीर्ण केली, हें कितीएकांना ठाऊक नसतें. दापोली तालुक्यांतील मुर्डी गांवचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ सालीं केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेंत सीनियर रँग्लर झाले आणि परत येऊन फर्ग्युसन कॉलेजांत शिकवूं लागले. ह्या थोरांचीं चरित्रें सर्वत्र सांगितलीं जातात. पाचूबंदरच्या विद्यार्थ्याला मात्र त्यांच्याहून अधिक उपयोगी चरित्र दुसरें आहे, आणि तें त्याच्याच जिल्ह्यांतलें आहे.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर ह्यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजीं डहाणू येथें झाला. डहाणू तेव्हां ठाणें जिल्ह्यांत होतें. १ ऑगस्ट २०१४ पासून तें वसईप्रमाणेंच पालघर जिल्ह्यांत आहे. त्यांचें शालेय शिक्षण ठाण्यास झालें. पुढें ते फर्ग्युसन कॉलेजांत शिकले, आणि तेथें १९२७ सालीं स्वतंत्र गणिती कामाबद्दल त्यांना रँग्लर परांजपे ह्यांच्या नांवाचें पारितोषिक मिळालें. १९२९ सालीं त्यांनीं मुंबई विद्यापीठाची पदवी घेतली. त्यापुढें त्यांचें शिक्षण झालें नाहीं. १९३० पासून १९६२ पर्यंत ते नाशिकजवळ देवळाली येथें शाळेंत शिक्षक होते. पदवीचें गणित घेऊन ते शाळामास्तर झाले, असें म्हटलें कीं कांहीं लोक नाक मुरडतील. त्यांनीं पुढचा मजकूर ऐकावा.

श्रोत्यांनीं कागद जवळ घ्यावा. कापरेकरांच्या पदवीचें वर्ष १९२९. त्याचे अंक उतरत्या क्रमानें मांडले तर ९९२१, चढत्या क्रमानें १२९९. वजाबाकी ८६२२. पुन: तसेंच करावें: ८६२२ वजा २२६८, बाकी ६३५४. पुढें ६५४३ वजा ३४५६, बाकी ३०८७. पुढें ८७३० वजा ०३७८, बाकी ८३५२. पुढें ८५३२ वजा २३५८, बाकी ६१७४. आतां ६१७४ चेंच करून पाहावें: ७६४१ वजा १४६७, बाकी पुन: ६१७४. येथून सुटका नाहीं. चारहि अंक सारखे नसलेली कोणतीहि चार अंकी संख्या घ्यावी, कमी अंक असल्यास पुढें शून्यें लिहावीं. जास्तींत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ हीच संख्या येते. कापरेकरांनीं ही गोष्ट १९४९ सालीं मद्रासच्या गणित परिषदेंत मांडली, आणि आज जगभर ही संख्या कापरेकर स्थिरांक म्हणून ओळखली जाते.

शाळेंतला मुलगा हें पाहून दहा-वीस संख्यांवर प्रयोग करील व आनंदेल, आणि तो आनंद खराच आहे. पदवीचा विद्यार्थी विचारतो, सर्व संख्यांचें असेंच होतें हें कशावरून? अशा संख्या ९,९९० आहेत. त्या सर्व करून पाहाव्या काय? येथें थोडें बीजगणित उपयोगास येतें. अंक उतरत्या क्रमानें लावल्यावर पहिल्या व चवथ्या अंकांतलें अंतर घ्यावें व त्यास ९९९ नें गुणावें. मधल्या दोन अंकांतलें अंतर घ्यावें व त्यास ९० नें गुणावें. दोहोंची बेरीज म्हणजेच ती वजाबाकी. १९२९ मध्यें अंतरें आठ आणि सात. ७९९२ अधिक ६३० म्हणजे ८६२२. म्हणजे मूळची संख्या कोणतीहि असो, पहिल्या वजाबाकीनंतर तिच्यापैकीं उरतात तीं फक्त हीं दोन अंतरें. पहिलें अंतर एकापासून नऊपर्यंत असूं शकतें. दुसरें शून्यापासून पहिल्याइतकें, त्याहून मोठें कधींच नाहीं. अशा जोड्या मोजल्या तर त्या अवघ्या ५४ भरतात. ९,९९० संख्यांचें काम ५४ वर आलें! तीं ५४ उदाहरणें एका संध्याकाळीं हातानें तपासतां येतात, आणि तपासलीं कीं ती शंका कायमची मिटते. हा युक्तिवाद समजून ज्याला आनंद झाला, त्यानें गणिताची पदवी घ्यावी. ज्याला केवळ ६१७४ चाच आनंद झाला, त्यानें थोडें थांबून विचार करावा.

रीत कोठें संपते, हेंहि त्याच वहींत पाहून ठेवावें. तीन अंकांवर ४९५ ही संख्या ६१७४ चें काम करते. दोन अंकांवर मात्र स्थिर संख्या नाहीं. तेथें ८१, ६३, २७, ४५, ९ आणि पुन: ८१ असें चक्र फिरत राहतें. पांच अंकांवरहि एक स्थिर संख्या मिळत नाहीं. कापरेकरांच्याच दुसऱ्या एका शोधांत हाच धडा आहे. जी.आय.पी. रेल्वेच्या डोंबिवली स्थानकावर, ज्यास तेव्हां डेम्लो म्हणत, त्यांना एका प्रकारच्या संख्यांची कल्पना सुचली, म्हणून त्यांनीं त्यांस डेम्लो संख्या हें नांव दिलें. ११ चा वर्ग १२१, १११ चा वर्ग १२३२१, ११११ चा वर्ग १२३४३२१. नऊ एकांपर्यंत हा डोंगर सुरेख चढतो व उतरतो. दहा एक मांडले कीं हातचा येतो आणि शिखर मोडतें. त्यांच्या नांवानें प्रसिद्ध असलेल्या आणखी एका जातीच्या संख्येचें उदाहरण ४५ हें आहे. तिचा वर्ग २०२५. वीस आणि पंचवीस मिळून पुन: ४५.

कापरेकरांच्या कामावर एक आक्षेप घेतला जातो, तो प्रामाणिकपणें सांगितला पाहिजे. दशमान पद्धति ही माणसाच्या दहा बोटांची देणगी. संख्या दुसऱ्या पायावर मांडल्या तर ६१७४ चें माहात्म्य उरत नाहीं. मग हें संख्यांचें सत्य कीं केवळ त्यांच्या लिपीचें? आक्षेप खरा आहे, आणि त्यामुळेंच त्या काळच्या पुष्कळ विद्वानांना हें काम क्षुल्लक वाटलें. कापरेकरांनीं आपल्या कित्येक पुस्तिका स्वत:च छापून प्रसिद्ध केल्या. अमेरिकेंतील मार्टिन गार्डनर ह्यांनीं मार्च १९७५ मध्यें सायंटिफिक अमेरिकन मासिकांत त्यांच्याविषयीं लिहिलें, तेव्हां त्यांचें नांव जगभर झालें; कापरेकर त्या वेळीं सत्तर वर्षांचे होते. १९८६ सालीं त्यांचें निधन झालें. परंतु आक्षेप घेणाऱ्यांनीं एक गोष्ट विसरूं नये. ज्याला पदवीपुढचें शिक्षण मिळालें नाहीं, ज्याच्या गांवीं गणितावर बोलावयास कोणी नाहीं, तो दशमान अंकांवाचून दुसरें काय खेळेल? कापरेकरांना बुद्धि कमी पडली नाहीं. सोबत कमी पडली.

सोबत मिळाली म्हणजे काय होतें, ह्याचीहि उदाहरणें मराठी घरांतलींच आहेत. शरद्‌चंद्र शंकर श्रीखंडे नागपूरास विज्ञानाची पदवी घेऊन पुढें अमेरिकेस गेले. तेथें राजचंद्र बोस व पार्कर ह्यांच्याबरोबर त्यांनीं १९५९ सालीं ऑयलर ह्या थोर गणितज्ञाचें जवळजवळ पावणेदोनशें वर्षें टिकलेलें एक अनुमान खोटें ठरविलें. पुढें ते मुंबई विद्यापीठांत गणित विभागाचे प्रमुख झाले. श्रीराम शंकर अभ्यंकर १९५१ सालीं मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून पदवीधर झाले, हार्वर्डला गेले, बैजिक भूमितींत जगद्विख्यात झाले आणि १९७६ सालीं पुण्यास भास्कराचार्य प्रतिष्ठान स्थापून त्यांनीं येथल्या मुलांना ती सोबत मिळण्याची सोय केली. श्रीनिवास रामानुजन् ह्यांना केंब्रिजला हार्डींची सोबत १९१४ पासून लाभली, हें तर सर्वश्रुत आहे.

म्हणून पाचूबंदरच्या विद्यार्थ्यानें महाविद्यालय निवडतांना इमारतीपेक्षां सोबत पाहावी. वसईच्या मुलांना पदवीसाठीं एके काळीं मुंबईच गांठावी लागे. वसई रोडला विद्यावर्धिनीचें अण्णासाहेब वर्तक महाविद्यालय १९७१ सालीं निघालें, तेव्हांपासून घरीं राहून शिकणें सोपें झालें. परंतु तिसऱ्या वर्षीं गणित हा मुख्य विषय घेणारे विद्यार्थी कोठेंहि थोडेच असतात, आणि चार-पांच जण मिळून फळ्यापुढें भांडल्याशिवाय हा विषय येत नाहीं. गाडींतल्या दोन तासांत व्याख्या पाठ होतील. सिद्धता दुसऱ्याला समजावून देतांनाच समजते. पुण्याच्या स. प. महाविद्यालयाच्या गणित विभागातर्फे पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीं माधव गणित स्पर्धा घेतली जाते. ती अवश्य द्यावी. १९९३ पासून उन्हाळ्याच्या सुटींत पदवीच्या निवडक विद्यार्थ्यांसाठीं राष्ट्रीय उच्च गणित मंडळाच्या साहाय्यानें एम.टी.टी.एस. नांवाचे वर्ग भरत आले आहेत. तेथें व्याख्यानापेक्षां प्रश्नोत्तरेंच अधिक. अशा एका महिन्यांत जी सोबत मिळते ती पुढें जन्मभर पुरते.

राहतां राहिला पोटाचा प्रश्न, आणि तो घरांतल्या वडील माणसांनीं विचारला तर त्यांचें चुकलें असें कोणी म्हणूं नये. होडीवर एक हात कमी झाला तर एक खलाशी ठेवावा लागतो, आणि त्याचा वाटा द्यावा लागतो. गणिताच्या पदवीनें लगेच नोकरी मिळत नाहीं, हें स्वच्छ सांगावें. अभियांत्रिकीची पदवी हातांत एक धंदा देते. गणिताची पदवी अनेक धंद्यांचीं दारें दाखविते, पण प्रत्येक दाराशीं आणखी एक-दोन वर्षें उमेदवारी करावयास लावते. बी.एड्. करून शिक्षक होतां येतें. बँकांच्या व सरकारी परीक्षांत ह्या पदवीधरास हात आखडावा लागत नाहीं. विमा कंपन्यांत आयुर्मानाचा व जोखमीचा हिशेब करणारे ॲक्चुअरी लागतात. त्यांच्या परीक्षा कठीण असतात, परंतु त्या नोकरी करीत देतां येतात. संख्याशास्त्र व संगणक ह्यांच्या बाजूला वळणारे पुष्कळ. ज्याला विषयच पुढें शिकावयाचा असेल, त्यानें आय.आय.टी.च्या एम.एस्‌सी. प्रवेशासाठींची जॅम परीक्षा द्यावी. एरवीं मुंबई विद्यापीठाचा गणित विभाग कालिन्याला आहेच. आणि ह्या शिक्षणाला प्रयोगशाळा लागत नाहीं. वही, पेन्सिल, ग्रंथालय आणि विचार करावयास एक शांत कोपरा, एवढेंच. वस्तींतल्या घरांत ह्यांपैकीं शेवटची वस्तु सर्वांत महाग आहे, हें मात्र घरच्यांनीं ध्यानांत घ्यावें. मुलगी असेल तर विशेषच, कारण तिच्या अभ्यासाची वेळ आणि मासळी निवडण्याची वेळ पुष्कळदां एकच येते.

पावसाळ्यांत जून-जुलैमध्यें यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या असतात आणि बाप घरीं असतो. महाविद्यालयाच्या प्रवेशाचे दिवसहि तेच. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणें तीन वर्षांनीं पदवी घेऊन बाहेर पडतां येतें, किंवा चवथें वर्ष करून ऑनर्स मिळवितां येतें. तेव्हां बापानें मुलाबरोबर किंवा मुलीबरोबर एकदां महाविद्यालयांत जावें, आणि विषयांचा कागद भरण्यापूर्वीं तीन गोष्टी स्पष्ट विचारून घ्याव्या: शेवटच्या वर्षापर्यंत गणित हा मुख्य विषय येथें ठेवतां येतो कीं नाहीं; गेल्या वर्षीं तो किती मुलांनीं ठेवला; आणि वर्ग सुटल्यावर त्या मुलांना बसण्यास एक फळा असलेली खोली मिळते कीं नाहीं.